दिवसा काढलेल्या रक्तात फायलेरिया निघाला नाही, पण पाय सुजलेलाच आहे

केळीबाग_चोपडा

नमस्कार मंडळी. आमचं गाव चोपडा तालुक्यात आहे. माझे धाकटे दीर सुरतला लिंबायतमध्ये राहतात आणि लूमवर (कापडाच्या मागावर) कामाला आहेत. आखाजीला घरी आले तेव्हा त्यांचा डावा पाय घोट्यापासून अर्ध्या पोटरीपर्यंत सुजलेला होता. विचारल्यावर कळलं, थंडी वाजून ताप आला होता, जांघेत अवधान (गाठ) आलं होतं. ताप चार दिवसांत उतरला, सूज राहिली. असं आधीही झालं होतं म्हणे, पण घरी कळवलं नाही. सकाळी पाय जरा हलका वाटतो, संध्याकाळपर्यंत पुन्हा चढतो. बोटांच्या बेचक्यांत चिखल्या आहेत.

तालुक्याच्या एका लॅबमध्ये सकाळी अकरा वाजता रक्त दिलं. रिपोर्टमध्ये मायक्रोफायलेरिया (हत्तीपायाच्या म्हणजे फायलेरियाच्या जंताची पिल्लं) नाही, इओसिनोफिल (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) मात्र वाढलेले आहेत. सासूबाई म्हणतात, मग हत्तीपाय नाहीच, वात आहे, आणि रोज एरंडाची पानं गरम करून बांधतात. मला पटत नाहीये. रिपोर्ट चांगला आला म्हणजे खरंच काही नाही का? दुसरं म्हणजे माझा लहान मुलगा काकाजवळच झोपतो, त्याला लागण होईल का? आणि मार्गशीर्षात भाऊजींचं लग्न ठरलंय. पाय पूर्ववत होईल का, हे घरात सगळ्यांच्या मनात आहे, बोलत कुणी नाही.

काचपट्टी_भुसावळ

ताई, सकाळी अकराच्या त्या रिपोर्टवर विसंबू नका. माझी सगळी नोकरी हत्तीरोग पथकात प्रयोगशाळा तंत्रज्ञ म्हणून गेली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आपल्याकडे हा रोग वुचेरेरिया बॅन्क्रॉफ्टी नावाच्या जंतामुळे होतो. मोठे जंत रक्तात नसतात, रसवाहिन्यांत, म्हणजे अंगातलं जादा पाणी परत रक्तात नेणाऱ्या बारीक नळ्यांत, गाठोळं करून राहतात. मादी ८ ते १० सेंटिमीटर लांब, पण शिवणाच्या दोऱ्यासारखी बारीक. साधारण ६ ते ८ वर्षं जगते आणि तेवढा काळ लाखो पिल्लं सोडत राहते. ही पिल्लं म्हणजे मायक्रोफायलेरिया. दिवसा ती फुप्फुसाच्या बारीक रक्तवाहिन्यांत दडून असतात आणि रात्री अंगभर रक्तात येतात. सगळ्यात जास्त सापडतात ती रात्री १० ते २ या वेळात. क्युलेक्स डासही रात्रीच चावतो, त्याच्याशी त्यांची वेळ जुळलेली आहे.

म्हणून आमचं सर्वेक्षण रात्री साडेआठनंतर सुरू व्हायचं. लोक जेवून ओट्यावर टेकलेले, आम्ही बॅटरी घेऊन दारात. एक म्हातारी दरवर्षी विचारायची, "रातले रगत कसाले लेतस रे भो?" बोट स्पिरिटने पुसायचं, टोचायचं, २० घनमिलिमीटर रक्त काचपट्टीवर जाड पसरायचं आणि पट्टीवर नंबर टाकायचा. सकाळी वाळलेली पट्टी पाण्यात धरली की लाल रंग निघून जातो, मग रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायची. पिल्लू पाव मिलिमीटरच्या आसपास. अंगावर पारदर्शक खोळ, आत जांभळ्या ठिपक्यांची रांग, आणि शेपटीच्या टोकाला ठिपके नसतात. त्या रिकाम्या टोकावरून बॅन्क्रॉफ्टी ओळखायचा. ताज्या रक्ताच्या थेंबात पाहिलं तर ते वळवळत लाल पेशी इकडेतिकडे ढकलताना दिसतं. ज्यानं हे एकदा पाहिलं तो रात्रीच्या तपासणीला कधी नाही म्हणणार नाही. फार वाटतं की एकेका रुग्णाला बोलावून दाखवावं.

तेव्हा भाऊजींचं रक्त रात्री दहानंतर तपासायला हवं. जिल्हा हिवताप कार्यालयात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा, रात्री रक्त घेण्याची सोय कुठे आहे ते सांगतील. पैसे लागत नाहीत.

मुलाला जवळ झोपल्यानं, शिवल्यानं, एका ताटात जेवल्यानं काही होत नाही. पिल्लू आधी डासाच्या पोटात जावं लागतं, मग डासाच्या अंगात १०-१४ दिवस वाढावं लागतं, मगच तो डास दुसऱ्याला लागण देऊ शकतो. आणि एका-दोन चाव्यांनी सहसा हा रोग जडत नाही, महिनोन्‌महिने चावे बसावे लागतात. मच्छरदाणी मात्र दोघांनाही लावा.

केळीबाग_चोपडा

नाना, मनापासून आभार. एक सांगायचं राहिलं. भाऊजी लूमवर कायम रात्रपाळी करतात, झोपतात दिवसा. मग रात्रीचं रक्त घेऊन उपयोग होईल ना?

काचपट्टी_भुसावळ

ताई, फार मोलाची गोष्ट विचारलीत. पिल्लांची वेळ माणसाच्या झोपेशी बांधलेली असते. १८८१ साली लंडनमध्ये स्टीफन मॅकेन्झी यांनी एका रुग्णाची झोप दिवसा आणि जाग रात्री अशी उलटी केली, तर काही दिवसांत पिल्लंही दिवसा रक्तात येऊ लागली. लूमवरच्या माणसाचं तसंच होऊ शकतं. आपली खान्देशातली कितीतरी पोरं उधना-लिंबायतला रात्रपाळीत आहेत, तेव्हा तपासणाऱ्याला कामाची पाळी आठवणीनं सांगितलीच पाहिजे. भाऊजी घरी येऊन रात्री झोपायला लागले असतील तर वेळ हळूहळू पुन्हा सरळ होईल.

यावर चांगला उपाय म्हणजे अँटिजेनची पट्टी, एफटीएस म्हणतात ती. ती मोठ्या जंतानं सोडलेला पदार्थ पकडते. बोटातलं थोडंसं रक्त पुरतं आणि दिवसा-रात्री कधीही करता येते. ती आणि रात्रीची काचपट्टी, दोन्ही करून घ्या. पण हेही लक्षात ठेवा, पाय सुजलेल्या पुष्कळ रुग्णांत दोन्ही तपासण्या नकारार्थी येतात, कारण जंत मरून गेलेले असतात आणि रसवाहिनी बिघडलेली राहते. मग निदान डॉक्टर पाय बघून आणि हकीकत ऐकून करतात.

डॉ_शिरपूर

नानांनी तपासणीचं नेमकं सांगितलंय, मी औषधाचं लिहितो. आधी एक: एकाच पायाला सूज म्हणजे हत्तीरोगच असं नाही. शिरेत रक्ताची गुठळी झाली तरी पाय असाच सुजतो, आणि ते तातडीचं असतं. म्हणून डॉक्टरांनी प्रत्यक्ष पाहायला हवं. अंडकोशाची सोनोग्राफीही करतात, जिवंत जंत असतील तर रसवाहिनीत वळवळताना दिसतात.

निदान पक्कं झालं तर डीईसी (डायइथाइलकार्बामाझिन, या जंतावरचं औषध), वजनाच्या किलोमागे रोज ६ मिलिग्रॅम, बहुधा १२ दिवस. जेवून घ्यायचं. पहिल्या एक-दोन दिवसांत ताप, डोकेदुखी, मळमळ झाली तर घाबरून गोळ्या सोडू नका. पिल्लं मरतात त्याची ती प्रतिक्रिया असते, डॉक्टरांना कळवा. काही रुग्णांना डॉक्सिसायक्लिन ४ ते ६ आठवडे देतात. जंताच्या अंगात वोल्बाकिया नावाचे जिवाणू असतात, त्यांच्यावाचून जंत टिकत नाही. गरोदर बाई आणि ८ वर्षांखालील मुलांना ते देत नाहीत. ताप आणि लाली ऐन भरात असताना डीईसी सुरू करायची नाही, तेव्हा विश्रांती, गार पट्टी, पॅरासिटामॉल आणि गरजेनुसार अँटिबायोटिक. यातलं काहीही मेडिकलवरून परस्पर आणू नका.

गरम पानं आजपासून बंद. चटका बसून कातडी सोलली की जंतुसंसर्गाला वाट मिळते.

माहेर_यावल

ताई, माझ्या आईचा उजवा पाय बरीच वर्षं असा आहे, म्हणून डॉक्टरांनी सोडलेलं मी लिहिते. गोळ्या जंतासाठी. पाय वाचतो तो धुण्यानं. बोटांच्या चिखल्यांतून जिवाणू आत शिरतात आणि तोच ताप पुन्हा पुन्हा येतो, आणि दर तापाला पाय आणखी जाड होतो.

आम्ही रोज सकाळ-संध्याकाळ करतो ते असं. पाणी साधं, कोमट चालेल पण कढत नाही. साधा अंगाचा साबण आधी हातावर फेसायचा, मग पायाला लावायचा, घासणी किंवा दगड अजिबात नाही. प्रत्येक बेचक्यात बोट घालून धुवायचं आणि साबण पूर्ण निघेपर्यंत पाणी ओतायचं. मग जुन्या सुती लुगड्याच्या तुकड्यानं टिपायचं, चोळायचं नाही, आणि बेचक्यांत कापडाची घडी धरून ओल पूर्ण जाऊ द्यायची. तिथेच डॉक्टरांनी दिलेलं बुरशीचं मलम. रात्री खाटेच्या पायथ्याच्या खुरांखाली विटा. दिवसा बसल्या जागी टाचा वर-खाली आणि घोटा गोल फिरवणं. हे सुरू झाल्यापासून आईचा ताप जवळजवळ बंद झाला. ती केळीच्या बागेत अनवाणी जायची, तेवढं सोडवायला मात्र मला फार भांडावं लागलं.

तुमच्या भाऊजींची सूज रात्रीतून कमी होते, म्हणजे पाय बहुधा अजून सुरुवातीच्या पायरीवर आहे. आत्ता मनावर घेतलं तर पुष्कळ हाती लागेल. मुलीकडच्यांना खरं सांगा, पण आधी तपासणी होऊ द्या, म्हणजे नीट सांगता येईल. बायकोला नवऱ्यापासून हा रोग लागत नाही, हेही त्यांना सांगा.

केळीबाग_चोपडा

सगळ्यांना कळवते. अँटिजेनची पट्टी पॉझिटिव्ह आली, रात्रीच्या रक्तातही मायक्रोफायलेरिया सापडले. डॉक्टरांनी आधी चिखल्यांवर उपचार केले, मग डीईसी सुरू केली. पहिल्या रात्री ताप आला, आधी माहीत होतं म्हणून सासूबाईंनीच त्यांना गोळी सोडू दिली नाही. पाय त्या स्वतः धुऊन देतात. आता भाऊजींना परत सुरतला जायचंय. काय सांगून पाठवू?

काचपट्टी_भुसावळ

उत्तम झालं. रिपोर्टच्या आणि औषधाच्या चिठ्ठीच्या प्रती सोबत द्या, तिथल्या दवाखान्यात दाखवता येतील. पुन्हा रक्त कधी तपासायचं ते इथल्या डॉक्टरांकडून लिहून घ्या, आणि तेव्हा रात्रपाळी चालू असेल तर तसं सांगायला सांगा. खोलीतल्या बाकीच्यांनीही तपासून घ्यावं, चावणारे डास तेच आहेत. सामूहिक औषधोपचाराची मोहीम आली की गोळ्या कर्मचाऱ्यासमोरच गिळायच्या, फडताळात ठेवायच्या नाहीत. दिवसा झोपतानाही मच्छरदाणी. आणि क्युलेक्स घाण पाण्यात वाढतो, तेव्हा त्यांच्या चाळीमागे शौचालयाची टाकी असेल तर तिच्या हवेच्या नळीला बारीक जाळी तारेनं घट्ट बांधून घ्या.