जाळं कापल्याची भरपाई, की जाळ्यातच कासवासाठी दार?

खाडीकाठ : कासव, व्हेल शार्क किंवा डॉल्फिन जाळ्यात अडकला आणि त्याला सोडवायला जाळं कापावं लागलं, तर महाराष्ट्रात मच्छीमाराला कमाल 25,000 रुपये भरपाई मिळते. डिसेंबर 2018 पासून ही योजना आहे. संकटात असलेल्या सागरी प्राण्यांसाठी जे सरकारी अनुदान येतं, त्यातला पहिला वाटा इथेच जावा असं माझं ठाम मत आहे, आणि कमाल मर्यादाही वाढवावी. जनावर जगणार की मरणार हे समुद्रात तांडेल, म्हणजे बोटीचा प्रमुख ठरवतो, तेही काही मिनिटांत. प्राणी वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची 1 मधला आहे, एवढाच धाक दाखवला तर मेलेलं कासव गुपचूप पाण्यात जाईल आणि कुठे, किती, कोणत्या जाळ्यात हे कुणालाच कळणार नाही. भरपाईमुळे फोटो, चित्रफीत आणि जागा हाती लागते. संवर्धनासाठी ही माहिती सोन्यासारखी आहे.

कोळंबीकाटा : भरपाई वाईट नाही, पण तुम्ही चुकीच्या जाळ्याकडे बघताय. ससून डॉकवरून सुटणारा ट्रॉलर दोन-तीन तास जाळं ओढतो. कासव फुप्फुसाने श्वास घेतं, एवढ्या वेळात ते बुडून मरतं. शिवाय ट्रॉलच्या शेवटची पिशवी डेकवर सोडायचीच असते, म्हणजे जाळं कापायचा प्रश्नच येत नाही. मग भरपाई कशाची? तुमची योजना या मरणाला स्पर्शही करत नाही.

उपाय टेडचा, म्हणजे कासवाला बाहेर काढणाऱ्या चौकटीचा. पिशवीच्या अलीकडे धातूच्या उभ्या गजांची लंबगोल चौकट तिरकी बसवायची. कोळंबी गजांमधून मागे जाते, कासव गजांवरून सरकत झडपेतून बाहेर पडतं. अमेरिकेच्या नियमात दोन गजांमध्ये जास्तीत जास्त 4 इंच अंतर आणि 30 ते 55 अंशांचा कोन लागतो. हे नाही म्हणून 2019 पासून आपली समुद्रात पकडलेली कोळंबी तिथे जात नाही. अनुदान चौकटींवर घाला, मच्छीमाराचाही फायदा होईल.

खाडीकाठ : ट्रॉलबद्दल तुमचं म्हणणं मान्य, तो मुद्दा माझ्याकडून सुटला होता. पण गिलजाळ्यात कुठली चौकट बसवणार? ते पाण्यात भिंतीसारखं उभं असतं, त्याला पिशवीच नसते. अडकलेला व्हेल शार्क कित्येक मीटर जाळं स्वतःभोवती गुंडाळून घेतो. तिथे सुरीशिवाय इलाज नाही, आणि सुरी चालवली की नुकसान ठरलेलं. म्हणून भरपाई हवीच.

लाटेवर : चौकटी वाटण्याच्या बाजूने बोलणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. चौकट बसवली म्हणजे काम झालं असं होत नाही. वापरताना जाळं ताणतं आणि कोन बदलतो. कोन फार उभा झाला की कासव गजांना चिकटून राहतं आणि कचरा अडकतो, फार आडवा झाला की माल झडपेतून निसटतो. मुंबईसमोरच्या पाण्यात प्लास्टिक इतकं आहे की गज तुंबले तर तांडेल पहिल्याच फेरीला झडप शिवून टाकेल. मग कागदावर चौकट आणि समुद्रात साधंच जाळं. त्यामुळे अनुदानात चौकटीच्या किमतीबरोबर जाळं विणणाऱ्या कारागिरांचं प्रशिक्षण, कोनमापक आणि समुद्रात जाऊन होणारी तपासणी धरलीच पाहिजे. पैसे वाटून हात झटकणार असाल तर माझा विरोध आहे.

आणखी एक, याला जवळपास काहीच खर्च नाही. डेकवर आलेलं निपचित कासव मेलंय असं समजून लगेच पाण्यात टाकू नये. पोटावर ठेवावं, मागची बाजू निदान 6 इंच उचलून धरावी म्हणजे फुप्फुसातलं पाणी उतरतं, अंगावर ओलं फडकं आणि सावली. 4 ते 24 तास असं ठेवावं लागतं. पाठीवर उलटं टाकून पोट दाबलं तर होतं ते नुकसानच.

मार्चअखेर : तुम्ही तिघे पैसा कुठे जावा यावर भांडताय. तो कधी येतो हे कुणी बोललंच नाही. केंद्रपुरस्कृत योजनेत आपल्या राज्यात वाटा 60:40, म्हणजे केंद्राचे 60 टक्के आणि राज्याचे 40. आधीच्या रकमेचं उपयोगिता प्रमाणपत्र आणि खर्चाचा हिशेब गेल्याशिवाय पुढचा हप्ता सुटत नाही. एका फाइलवरची एक सही अडली की हप्ता वर्षाच्या शेवटावर जातो. कोकणात ऑलिव्ह रिडले कासवाची अंडी साधारण नोव्हेंबर ते मार्चमध्ये येतात. एका घरट्यात शंभराच्या आसपास अंडी, पिल्लं 45 ते 60 दिवसांनी. म्हणजे पैसा मार्चमध्ये आला तर हंगामभर घरटी राखणाऱ्या कासवमित्राला मानधन उधारीवर, आणि रक्कम 31 मार्चच्या आत खर्ची टाकायची घाई.

चौकटींचंही तेच. त्या बसवायची योग्य वेळ म्हणजे पावसाळी मासेमारीबंदी. बोटी किनाऱ्यावर असतात, जाळी डागडुजीला काढलेली असतात. ऑक्टोबरमध्ये आलेली चौकट कोणता ट्रॉलरवाला धंदा थांबवून बसवेल?

कोळंबीकाटा : हे पटलं. मग मागणी अशी करू : चौकटींचा पैसा मेच्या आत, बंदीत बसवणं आणि कोन तपासणं. गिलजाळ्याची भरपाई मात्र हप्त्यांत न अडकणाऱ्या वेगळ्या राखीव निधीतून.

खाडीकाठ : त्यात एक जोडा. भरपाईची रक्कम कापलेल्या जाळ्याच्या लांबीवर ठरावी, आणि ट्रॉलरने वाचवलेल्या कासवाचीही नोंद व्हावी, पैसे नसले तरी.