मदत हवी आहे : पीआरच्या वर्गासाठी खरा ‘क्लायंट’ कुठून आणू?

नमस्कार मंडळी. दादरच्या एका कॉलेजात एसवायच्या मुलांना जनसंपर्क आणि सोशल मीडिया शिकवते. पुस्तकात अजून १९८२ चं टायलेनॉल प्रकरणच, म्हणजे अमेरिकेत या वेदनाशामक औषधाच्या कॅप्सूलमध्ये कुणीतरी विष मिसळलं होतं ते. तेव्हा मुलांचा जन्मही नव्हता (माझाही नव्हता, पण ते सोडा). म्हणून मॅगी घेतलं. जून २०१५ मध्ये बंदी, ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द केली, नोव्हेंबरात पाकिटं परत दुकानात. कंपनीने आधी बोलायला हवं होतं का, यावर तासभर वर्ग भांडला. डिसेंबर २०१५ मध्ये सुरू झालेलं मुंबई पोलिसांचं ट्विटर खातंही मुलांना आवडलं.

अडचण पुढेच आहे. प्रेस नोट मागितली की रीलची कॅप्शन येते, हॅशटॅगसकट! मग वाटलं, प्रात्यक्षिकाला खरंच कुणीतरी हवं. गणेश मंडळ, पोळीभाजी केंद्र, हौशी नाट्यसंस्था, कुणीही चालेल. पण त्यांचं चालू खातं मुलांच्या हाती द्यायचं म्हणजे पोटात गोळाच येतो. पासवर्ड न देता हे कसं जमवता? पोस्ट जाण्याआधी कोण तपासतं? आणि साठ जणांना गुण कशावर द्यायचे? लाइक्स मोजून तर मी देणार नाही. कुणी हे केलं असेल तर सांगा, प्लीज.