पाऊस रेकॉर्डब्रेक, पण पूर नाही?

प्रश्न: एक डाउट आहे. एका दिवसात जोरदार पाऊस झाला तरी कधी कधी नदी जागची हलत नाही, आणि कधी त्याच्या निम्म्या पावसात पूर येतो, असं कसं काय? जास्त पाऊस म्हणजे जास्त पूर असं सरळ गणित नाहीये का?

उत्तर १: नाही ना. आधी जमीन किती भिजलीये ते बघायचं. कोरडा स्पंज आणि ओला स्पंज नळाखाली धरून बघा, ओल्यातून लगेच गळायला लागतं. तसंच १ चौरस किमीवर १०० मिमी पाऊस म्हणजे तब्बल १० कोटी लिटर पाणी, त्यातलं किती मुरणार आणि किती वाहणार यावरच सगळा खेळ.

उत्तर २: +१, पण छोटा ओढा आणि मोठी नदी एकाच मापात मोजू नका. ओढ्याला तासाभराची मुसळधार पुरते, मोठ्या नदीला सगळ्या खोऱ्यात दिवसेंदिवस पडावा लागतो. शहरात तर काँक्रीटमुळे मुरायला जागाच नाही, त्यात गटारं तुंबलेली (हा वेगळाच विषय आहे).

प्रश्नकर्ता: ओके. मग '१०० वर्षांतून एकदा' येणारा पूर एकदा येऊन गेला की सुटलो?

उत्तर १: अहो नाही, दरवर्षी १ टक्का शक्यता असा त्याचा अर्थ, म्हणजे ३० वर्षांत किमान एकदा येण्याची शक्यता साधारण २६ टक्के. त्यात हवा १ अंशाने तापली की सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरते, त्यामुळे जुन्या आकड्यांवर बांधलेले पूल मला तरी डेंजर वाटतात.