अ‍ॅजिनकोर्टचं सैन्य आणि साताऱ्याचा जुलै : प्राइमर खरखरीत, भाल्यांचा रंग सुटतो, लाल बसत नाही

चारभिंती

टेबलावर खेळायच्या लढाईसाठी रंगवायचे छोटे शिपाई असे : २८ मिमी मापाचे हार्ड प्लास्टिकचे इंग्लिश धनुर्धारी २४, चिलखती पायदळ १२, आणि १/७२ प्रमाणाचे (खऱ्या माणसाच्या बहात्तराव्या भागाएवढे) मऊ प्लास्टिकचे फ्रेंच भालाईत एक डबा. लढाई इंग्लंड-फ्रान्समधली, १४१५ ची अ‍ॅजिनकोर्ट. गाव सातारा, महिना जुलै, म्हणजे निम्मं दुखणं कुठलं ते तुम्ही ओळखलंच असेल.

१. गाड्यांच्या रंगाच्या दुकानातला राखाडी प्राइमर (रंगाआधी द्यायचा, रंगाला पकड देणारा थर) स्प्रे मारला. काही शिपाई पांढुरके पडले, काही पॉलिश पेपरसारखे खरखरीत झाले. चेहऱ्यांवरचं नाकडोळे बुजायला लागलंय.
२. तोच स्प्रे मऊ प्लास्टिकवर तीन दिवसांनीही बोटाला चिकटतो. जिथे वाळला तिथे भाला जरा वाकला की पापुद्रा निघतो.
३. छातीवरचा लाल क्रूस. चार हात दिले तरी खालचा राखाडी दिसतो आणि कडा फाटक्या येतात.
४. चिलखत किती चकचकीत ठेवायचं?

रंग बहुतेक फेविक्रिलचे, थोड्या बाटल्या व्हॅलेहोच्या (छोट्या शिपायांसाठीचे रंग). ब्रश सिंथेटिक, ० आणि ०००.

यवतेश्वर_घाट

पांढुरकं पडणं आणि खरखरीत होणं हे दोन वेगळे रोग आहेत, औषधंही वेगळी.

पांढुरकं पडतं ते दमटपणामुळे. स्प्रेमधलं सॉल्व्हंट भराभर उडतं, उडताना पृष्ठभाग गार करतं, आणि गार पृष्ठभागावर हवेतली वाफ बसते. ते पाणी ओल्या थरात अडकतं. खरखर मात्र बहुतेक वेळा अंतरामुळे येते. डबा ४० सेंटीमीटरवरून मारला की थेंब हवेतच अर्धे वाळतात आणि शिपायावर पडतात ती भुकटी. डबा नीट हलवला नाही तरी तेच. आतली गोळी खुळखुळायला लागल्यानंतर पुढे दोन मिनिटं हलवायचा. बहुतेक लोक दहा सेकंदांवर थांबतात.

एक साधं आर्द्रतामापक घ्या, घड्याळाएवढं येतं. काटा ७० टक्क्यांच्या वर असेल तर डबा खाली ठेवायचा. साताऱ्यात जुलै-ऑगस्टमध्ये तो खाली येण्याची वाट बघण्यात अर्थ नाही. या दिवसांत ब्रशने लावायचा पाण्याचा अ‍ॅक्रिलिक प्राइमर वापरा, दोन पातळ हात, मध्ये अर्धा-पाऊण तास, आणि दुसऱ्या दिवसापर्यंत हात लावू नका. स्प्रेचं काम दसऱ्यानंतर काढा. तेव्हासुद्धा २० ते २५ सेंटीमीटर, फवारा शिपायाच्या बाहेर सुरू करून बाहेरच संपवायचा, आणि एका दमात झाकायचा हट्ट करायचा नाही. थंडीत सकाळी डबा गार असेल तर दहा मिनिटं कोमट पाण्यात उभा करा. कोमट म्हणजे हाताला सोसेल एवढं. गॅसजवळ नेऊ नका.

जे बिघडलेत त्यांचं : हलकी खरखर असेल तर जुन्या कोरड्या टूथब्रशने घासा, बरीचशी भुकटी निघते. चेहरे बुजले असतील तर रंग उतरवावा लागेल. थिनर किंवा अ‍ॅसिटोन चुकूनही नको, हार्ड प्लास्टिक विरघळतं. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये अर्धा तास बुडवून घासा. ते नसेल तर डेटॉल, न मिसळलेलं, रात्रभर. पण बाहेर काढल्यावर लगेच नळाखाली धरू नका. डेटॉल, सुटलेला रंग आणि पाणी एकत्र आलं की काळा डिंक होतो आणि तो रंगापेक्षा चिवट. आधी डेटॉलमध्येच घासा, पुसून घ्या, मग भांड्यांचा साबण, मग पाणी. हातमोजे घाला. फेविक्विकचे सांधे यात सुटू शकतात, प्लास्टिक सिमेंटचे (प्लास्टिक विरघळवून जोडणाऱ्या गोंदाचे) सुटत नाहीत. लॅकर प्राइमर, म्हणजे हा गाड्यांचा, शंभर टक्के उतरेल असं नाही, नाकडोळे मोकळे झाले की थांबा.

मिरज_तंबोरा

मऊ प्लास्टिकबद्दल.

चिकटपणा जाणार नाही, वाट बघू नका. काही मऊ प्लास्टिकमध्ये ते मऊ राहावं म्हणून जे तेलकट द्रव्य घातलेलं असतं, ते आणि स्प्रेचं सॉल्व्हंट यांचं जमत नाही. थर कायमचा ओलसर राहतो. आणि बाकीचे शिपाई पॉलिथिनचे असतात, दुधाच्या पिशवीच्या जातीचे, त्यावर रंगाला धरायलाच काही नसतं. वर भाला लवचिक. प्लास्टिक वाकतं, कडक प्राइमर वाकत नाही, मग पापुद्रा निघणारच.

पद्धत अशी. कोमट पाणी, भांड्यांचा साबण, टूथब्रश. साच्यातून सुटावं म्हणून लावलेलं तेल यात जातं. वाळू द्या. वाकडे भाले सरळ करायचे असतील तर ते आत्ताच : उकळी येऊन गॅस बंद केलेल्या पाण्यात चिमट्याने दहा-पंधरा सेकंद, बाहेर काढून सरळ धरा, तसंच धरून बर्फाच्या पाण्यात बुडवा. मग फेविकॉलमध्ये निम्मं पाणी घालून सगळ्या शिपायाला एक पातळ हात. फेविकॉलची कातडी वाकते, म्हणून ती भाल्याबरोबर राहते. ती पूर्ण पारदर्शक झाल्यावर त्यावर अ‍ॅक्रिलिक. रंगकाम संपल्यावर ग्लॉस व्हार्निशचे दोन हात आणि मग मॅट.

हे करूनही हातात धरायच्या भाल्यांचा रंग उडणार. फ्रेंचांचे भाले कापून टाका, मुठीत ०.५ मिमीचं ड्रिल फिरवा आणि तेवढ्याच जाडीची पोलादी तार बसवा. तंतुवाद्याची पोलादी तार आमच्याकडे दुकानात सहज मिळते, पण ती ०.३ मिमीच्या आसपास, भाल्याला केविलवाणी दिसते. लगामाला मात्र छान. पॉलिथिनला फेविक्विक नीट धरत नाही, म्हणून भोक पाडून तार घट्ट खुपसणं हाच खरा सांधा.

दुसरं, १/७२ चा माणूस जेमतेम २४ मिमी, २८ मिमीचा डोक्यापर्यंत ३० च्या पुढे जातो. एका बेसवर (शिपाई उभे करायच्या पाटीवर) दोघांना उभं करू नका, फ्रेंच सैन्य शाळेच्या सहलीसारखं दिसेल.

हळदपेठ

क्रूसाबद्दल बोलतो, कारण इथे चूक रंगाची नसून क्रमाची आहे.

लाल रंग मुळात पारदर्शक. राखाडीवर चार काय, आठ हात दिले तरी मळकाच दिसेल. आधी शिपायाच्या अंगावरचा पांढरा कोट रंगवून पूर्ण करा. थेट पांढरा नको, तो खडूसारखा दाणेदार बसतो, फेविक्रिलचा तर हमखास. तीन भाग पांढरा, एक भाग मातकट तपकिरी, पाण्याने दुधाएवढा पातळ, दोन हात. मग घड्यांचे उंचवटे तेवढे शुद्ध पांढऱ्याने. क्रूसासाठी आधी गेरूसारख्या विटकरी रंगाने दोन पट्टे ओढा, हवे त्यापेक्षा थोडे जाड. त्यावर लाल, दोन हात पुरतात. आणि शेवटी त्याच मळकट पांढऱ्याने क्रूसाच्या कडा आतल्या बाजूला कापत या. सरळ लाल रेघ ओढण्यापेक्षा जाड रेघ पांढऱ्याने छाटणं कितीतरी सोपं. फाटक्या कडांचं दुखणं इथेच संपतं.

०००चा ब्रश ठेवून द्या. त्याच्या पोटात रंग राहतच नाही, टेकवेपर्यंत टोकावर वाळतो. चांगल्या केसांचा १ नंबर घ्या, टोक असेल तर डोळासुद्धा त्यानेच होतो. सिंथेटिकचं टोक महिन्याभरात आकड्यासारखं वळतं. ते ब्रश चंदेरी रंगासाठी ठेवा. चंदेरी रंगाचं पाणीही वेगळं ठेवा, नाहीतर सगळ्यांच्या चेहऱ्यावर जरीकाम.

आता इतिहास. पाचव्या हेन्रीच्या हुकुमानुसार सैन्यातल्या प्रत्येकाला सेंट जॉर्जचा लाल क्रूस छातीवर आणि पाठीवर लावणं भाग होतं. पाठ विसरू नका, खेळताना आपल्याला आपल्या सैन्याची पाठच दिसते. पण सगळ्यांना शुभ्र कोट घालू नका. क्रूस कापडाच्या तुकड्यावर शिवलेला असू शकतो, खालचा जाड शिवणीचा अंगरखा मळखाऊ, तपकिरी, फिका निळा, काहीही. २४ पैकी सात-आठ जणांनाच पांढरा द्या. समकालीन इतिवृत्तांत धनुर्धाऱ्यांचं वर्णन आहे : बरेच बिनचिलखती, पायमोजे गुडघ्याखाली उतरलेले, काही अनवाणी. तेव्हा पोटऱ्या त्वचेच्या रंगात आणि वर चिखल.

धनुष्य एकाच तपकिरीत रंगवू नका. यू (yew) झाडाच्या लाकडाची बाहेरची, शत्रूकडची बाजू फिकट साईसारखी, धनुर्धाऱ्याकडची नारिंगी-तपकिरी. दोन रेघांचं काम आहे, पण तेवढ्याने शिपाई जिवंत होतो.

चिलखत : १४१५ पर्यंत अंगभर पोलादी पत्रा उघडाच ठेवायची पद्धत चांगली रुळली होती, त्यामुळे चकाकी चुकीची नाही. दिवाळीच्या किल्ल्यावरच्या मावळ्याच्या तलवारीसारखी मात्र नको. काळा, त्यावर गडद पोलादी, वॉश (खाचांत उतरणारा अगदी पातळ गडद रंग), आणि चंदेरी फक्त कडांना, शिरस्त्राणाच्या माथ्याला आणि गुडघ्याच्या वाटीला. राजाच्या ढालीत चार खण : पहिल्या आणि चौथ्यात निळ्यावर तीन सोनेरी लिली, दुसऱ्या-तिसऱ्यात लालवर तीन सोनेरी सिंह. लिलींचा सडा पसरलेला निळा खण छापू नका, तो आधीच्या राजांचा.

चारभिंती

विटकरी खाली देऊन एक क्रूस केला, फरक कळला. धन्यवाद.
दोन शंका. वॉश वाळल्यावर सपाट भागावर कडेने पांढरट वर्तुळं राहतात. आणि एका शिपायावर मॅट स्प्रे मारून बघितला तो धुक्यात गेल्यासारखा झाला. तोही उतरवायचा?

यवतेश्वर_घाट

मॅट स्प्रे जुलैत मारलात? वर काय लिहिलं होतं? असो. उतरवू नका. ब्रशने ग्लॉस व्हार्निशचा एक ओलसर हात द्या, धुकं बहुधा पारदर्शक होतं. मग ब्रशनेच मॅट. मॅटची बाटली खालपर्यंत हलवा, मॅट करणारी पूड तळाशी बसते. न हलवता वरचं लावलं की चकाकतं आणि तळाचं लावलं की पांढरं पडतं.

पांढरी वर्तुळं बोअरच्या पाण्याची असणार. क्षार. आरओचं किंवा बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड पाणी वापरा, वॉशलाही आणि रंग पातळ करायलाही. शिवाय वॉश नुसत्या पाण्याने पातळ करू नका, निम्मं अ‍ॅक्रिलिक मीडियम (रंगद्रव्य नसलेला पारदर्शक रंग) घाला. सपाट जागी साचलेला थेंब वाळायच्या आत ओलसर ब्रशने उचलून घ्या.

हळदपेठ

किंवा वॉश सोडाच. ग्लॉस व्हार्निशवर कॅमलचा बर्न्ट अंबर (गडद तपकिरी) ऑइल कलर, गंधहीन टर्पेंटाइनमध्ये पातळ करून लावा. वर्तुळं येतच नाहीत, आणि चुकलं तर कापसाच्या काडीने पुसता येतं. घोड्यांना तर दुसरं काही लावूच नये : खाली फिकट बदामी अ‍ॅक्रिलिक, वर न पातळ केलेला बर्न्ट अंबर फासायचा, पंधरा मिनिटांनी स्पंजने उंचवट्यांवरून पुसायचा. छाया आपोआप घड्यांत राहते.

यवतेश्वर_घाट

हे सांगलीत ठीक आहे हो. इकडे पावसाळ्यात ऑइल आठवडाभर ओलं राहतं आणि त्यावर घरातली सगळी धूळ येऊन बसते. करायचंच तर बल्बखाली, वर झाकण असलेल्या डब्यात ठेवून.

हळदपेठ

झाकणाचा डबा मान्य. सांगलीचं दुखणं उलटं, एप्रिलमध्ये पॅलेटवरचा रंग दोन मिनिटांत वाळतो. मिठाईचा पसरट प्लास्टिक डबा, त्यात ओला स्पंज, वर बेकिंगचा पार्चमेंट कागद. मेणाचा बटर पेपर आणू नका, त्यातून पाणी वर येत नाही. स्पंजचं पाणी तीन दिवसांनी बदला, नाहीतर वास मारतो.

मिरज_तंबोरा

बेस राहिले. २८ मिमीला ६० मिमी रुंदीचे एमडीएफ तुकडे घ्या, धनुर्धारी तीन किंवा चार, चिलखती पायदळ चार. डीबीए (टेबलावरच्या छोट्या लढायांचे नियम) नियमांनी खेळलात तर १२ बेस झाले की एक सैन्य पूर्ण होतं. तीन मिलिमीटर जाडी घ्या. दोन मिमीला वरून फेविकॉल-वाळू लावली की ती बाजू वाळताना आक्रसते आणि बेस केळ्यासारखा वळतो. आधी दोन्ही बाजूंना रंगाचा हात मारला की हे टळतं.

वाळू कृष्णाकाठची, चहाच्या गाळणीतून गाळून तव्यावर कोरडी भाजायची. तशीच लावली तर पावसाळ्यात बुरशी धरते. कासची तांबडी माती नको. लढाई दोन जंगलांच्या मधल्या, नुकत्याच नांगरलेल्या शेतात झाली, आदल्या रात्री पाऊस. गडद तपकिरी, वरून किंचित फिकट ड्रायब्रश (जवळजवळ कोरड्या ब्रशने उंचवट्यांवरून रंग फिरवणं), आणि पायांभोवतीच्या खळग्यांत ग्लॉस व्हार्निश. वाळूत ओल्या फेविकॉलनेच टूथपिकने नांगराच्या रेघा ओढून ठेवा, वाळल्यावर येत नाहीत.

आणि धनुर्धाऱ्यांपुढे खुंटे हवेतच, त्याशिवाय ती अ‍ॅजिनकोर्ट नव्हे. सहा फुटी खुंटा या प्रमाणात साधारण ३२ मिमी, त्यातला ८-१० मिमी जमिनीत. टूथपिक २ मिमी जाड, ती बरोबर बसते. अगरबत्तीची काडी बारीक पडते. दोन्ही टोकं तासलेली, शत्रूकडे झुकलेली, टोक घोड्याच्या छातीच्या उंचीवर. राखाडी रंगवू नका. लाकूड वाटेत ताजं तोडलेलं होतं, त्यामुळे साल तपकिरी आणि तासलेलं टोक जवळजवळ पिवळं. बेसला भोक पाडून खुपसा, नुसतं चिकटवलं तर पहिल्याच खेळात बाहीला अडकून तुटतात.