शब्दचर्चा: कंपोजर 'इन्फ्लुअन्स' म्हणतात तेव्हा मराठीत काय लिहायचं?

सध्या स्टीव्ह राइश, फिलिप ग्लास, टेरी रायली या अमेरिकन कंपोजर मंडळींच्या आणि इतर काहींच्या मुलाखतींचं मराठी करतेय. दर दोन वाक्यांनी 'इन्फ्लुअन्स' येतो आणि दर वेळी 'प्रभाव' लिहून कंटाळा आला. 'परिणाम' औषधाचा वाटतो. 'पगडा' चालेल का?

---

पगडा नको हो. पगडा बसला म्हणजे माणूस त्याखाली दबलेला. प्रभावातही थोडं तेच, देणारा मोठा आणि घेणारा नुसता भारावलेला, आणि ही मंडळी तर काय घेतलं काय सोडलं ते नीट उलगडून सांगतात. माझं स्पष्ट मत, एकच शब्द धरून बसू नका, आधी नेमकं काय घडलं ते बघा.

राइशचंच घ्या. १९७० मध्ये घानाला ढोलवादन शिकायला गेला, १९७१ मध्ये 'ड्रमिंग' ही रचना पूर्ण केली, म्हणून सगळे लिहितात आफ्रिकन संगीताचा प्रभाव. पण दोघांनी एकच तुकडा वाजवत राहायचं आणि एकाने हळूहळू पुढे सरकायचं ही त्याची युक्ती त्याआधीची, १९६५ च्या टेपच्या प्रयोगांतली, 'पियानो फेज'सुद्धा १९६७ चं. तो स्वतःच सांगतो की आपण करत होतो त्याला घानात पुष्टी मिळाली. मग 'दुजोरा' लिहा की, चांगला रुळलेला शब्द आहे!

आणि 'ड्रमिंग'ची सुरुवात लक्ष देऊन ऐका. आधी एकच ठोका, बाकी आवर्तन रिकामं, मग एकेका रिकाम्या जागी एकेक ठोका भरत जातो आणि बघता बघता अख्खा तुकडा उभा राहतो. वाद्यं बोंगो, मरिंबा, ग्लॉकेनश्पील, घानाचे ढोल आणलेच नाहीत, कारण त्याला तिथला आवाज नको होता, बांधणी हवी होती. वाण नाही पण गुण लागला! आपण ही म्हण वाईट संगतीसाठी वापरतो खरं, पण इथे अगदी चपखल बसते.

रायलीचं वेगळंच. १९७० पासून तो किराणा घराण्याच्या पंडित प्राणनाथांचा शिष्य, १९९६ मध्ये पंडितजी गेले तोवर. याला प्रभाव कसं म्हणणार, ही तालीम आहे. आणि त्याची गाजलेली रचना 'इन सी' १९६४ ची, म्हणजे तालमीच्या आधीची, त्यामुळे तिच्यातल्या ५३ तुकड्यांत कोणी प्राणनाथांची गायकी दाखवत असेल तर तिथे तळटीप टाकाच.

---

पण ग्लासला तर रविशंकरांमुळे दिशाच मिळाली ना? तिथे तरी प्रभाव म्हणायला काय हरकत आहे?

---

हरकत नाही, पण त्याने सांगितलेली हकिगत त्याहून बोलकी आहे. पॅरिसमध्ये नादिया बूलांजें या संगीतशिक्षिकेकडे शिकत असताना रविशंकरांचं एका फिल्मसाठीचं संगीत पाश्चात्त्य वादकांसाठी लिहून काढायचं काम त्याला मिळालं. तो पाश्चात्त्य स्वरलिपीच्या सवयीने मापाच्या उभ्या रेघा मारत गेला आणि रेघेनंतरच्या स्वरावर वादक आपोआप जोर द्यायचे, तबलावादक अल्लारखा सांगत राहिले की सगळे स्वर सारखे. शेवटी रेघाच खोडल्या तेव्हा त्याला दोन-दोन तीन-तीनचे गट आणि त्यांचं मिळून होणारं मोठं आवर्तन दिसलं. इथे मी 'उमगलं' लिहीन, 'त्याला लय नव्याने उमगली'. लहानपणचं असेल तर 'संस्कार', म्हणजे वडिलांचं बाल्टिमोरला रेकॉर्डचं दुकान होतं, न खपलेल्या रेकॉर्ड ते घरी आणून ऐकायचे आणि त्या याच्या कानावर पडायच्या, ते.

---

हे पटलं. मग प्रश्नातसुद्धा 'तुमच्यावर कोणाचे प्रभाव आहेत' ऐवजी 'कोणाकोणाचं ऐकत आलात, कोणाकडून काय घेतलंत' असं करते, बोलल्यासारखं तरी वाटेल. एस्टोनियाचा कंपोजर आर्व्हो पेर्ट राहिला. १९६८ नंतर काही वर्षं फारच थोडं लिहिलं, जुनं चर्चमधलं गाणं अभ्यासत बसला, आणि १९७६ पासून ती घंटेच्या नादासारखी शैली, एक स्वरपंक्ती पायरी पायरीने चालते आणि दुसरी फक्त तीनच स्वरांत फिरते. त्याला काय म्हणू?

---

व्यासंग.