शाळेत इनहेलर कुणाजवळ ठेवावा? मदत हवी आहे

मुलगी दुसरीत आहे, दमा आहे. धावल्यावर धाप लागते, म्हणून डॉक्टरांनी साल्ब्युटामॉलचा (धाप लगेच कमी करणारं औषध) इनहेलर आणि स्पेसर (इनहेलरला जोडायची पोकळ नळी) कायम हाताशी ठेवायला सांगितलंय. शाळेत मात्र सगळी औषधं ऑफिसच्या कपाटात, कुलपात. किल्ली एकाच क्लार्ककडे आणि मैदान इमारतीच्या पार मागे! डॉक्टरांची चिठ्ठी देऊन झाली. वर्गशिक्षिका तयार आहेत, पण मुख्याध्यापिका विचारतात, 'दुसऱ्या मुलाने घेतला तर जबाबदारी कुणाची?' मुद्दा अगदीच चुकीचा नाही. मुलीला पफ घेता येतो, पण घाबरली की मोठं माणूस लागतंच. शाळा बदलायची नाहीये. कुणी शाळेकडून लेखी आपत्कालीन योजना मान्य करून घेतली आहे का? खेळाच्या तासाला आणि सहलीला इनहेलर कोण सांभाळणार, हे त्यात नेमकं कसं लिहिलंत?