इलोकानो आणि गलिशियन : म्हणे ‘स्पॅनिशने मारलेल्या बहिणी’!

तिरकसराव
दोन दिवसांपासून एक पोस्ट फिरतेय. म्हणणं असं की उत्तर फिलिपिन्सची इलोकानो आणि स्पेनच्या वायव्येकडल्या गलिशियाची गलिशियन या स्पॅनिशने मारलेल्या दोन बहिणी, आणि दोघींवर औषध एकच : सरकारी दर्जा. खाली ‘अभ्यासपूर्ण’, ‘साठवून ठेवतो’ वगैरे. डोकं सणकलं म्हणून लिहितोय.

बहिणी कुठल्या? गलिशियन लॅटिनची लेक, स्पॅनिशच्याच घरातली. इलोकानोचं गोत्र ऑस्ट्रोनेशियन. तिच्यात वारांची नावं नि घड्याळाची वेळ स्पॅनिश आहे, पण ‘अर्ज’ आणि ‘तारीख’मुळे मराठी काही फारसीची मुलगी होत नाही.

आणि मारलं कुणी? फिलिपिन्समधल्या स्पॅनिश पाद्र्यांनी लोकांना स्पॅनिश शिकवण्यापेक्षा स्वतः इलोकानो शिकणं पसंत केलं. फ्रान्सिस्को लोपेझचं इलोकानोतलं धर्मशिक्षणाचं पुस्तक १६२१चं. आपल्याकडे क्रिस्तपुराण १६१६ला छापलं, तसंच. दाब आला तो मनिलाकडून. १९३७ साली अध्यक्ष केझोननी टॅगालॉगच्या, म्हणजे मनिलाकडच्या भाषेच्या पायावर राष्ट्रभाषा ठरवली, शाळेत इंग्रजी होतीच.

गंमत म्हणजे स्पेनचा हुकूमशहा फ्रँको जन्माने गलिशियाचा, फेरोलचा. फिलिपिन्सचे हुकूमशहा मार्कोस इलोकोस नोर्तेचे, म्हणजे इलोकानो मुलखातले. एकाच्या राज्यात गलिशियन शाळा-कचेरीबाहेर. दुसऱ्याच्या मार्शल लॉमध्ये, १९७४ला, शाळेत इंग्रजी आणि पिलिपिनो (तीच टॅगालॉगवरची राष्ट्रभाषा). घरचा माणूस गादीवर बसून हे.

दर्जाचं म्हणाल तर गलिशियनला तो १९८१पासून आहे. अकादमी, टीव्ही वाहिनी, १७ मेला भाषेसाठी सुट्टीसुद्धा. तरी २०२३च्या पाहणीत एरवी स्पॅनिश बोलणारे पहिल्यांदाच गलिशियनवाल्यांपेक्षा जास्त निघाले. इलोकानोला यातलं काही नाही, आणि उत्तर फिलिपिन्समधल्या बागियोच्या बाजारात भाजीचा भाव इलोकानोतच ठरतो.

विगोकर
मी गलिशियातल्या विगोत राहतो म्हणून बोलतो. ‘दर्जा असून काय झालं’ म्हणताना दर्जाला लावलेली कात्री सांगायची विसरलात. २०१०च्या फर्मानाने शाळेतलं गणित आणि भौतिक-रसायन स्पॅनिशमध्ये गेलं. मुलांनी त्यातून घ्यायचा तो अर्थ घेतला : गलिशियन कवितेसाठी, स्पॅनिश नोकरीसाठी. आमच्या शेजारच्या आजी नवऱ्याला आणि कुत्र्याला गलिशियनमध्ये झापतात. नात आली की त्याच तोंडातून स्पॅनिश. विचारलं तर म्हणाल्या, तिचं अडायला नको.

बेळगावी_कुंदा
तिरकसराव, दर्जाची टिंगल पुण्यात बसून करणं सोपं आहे. वडिलांच्या जमिनीचा उतारा हातात घेऊन, तो वाचून दाखवेल असा माणूस शोधत मी कचेरीच्या पायऱ्यांवर बसलोय. दर्जा नसला की काय होतं ते आम्हाला विचारा. शिवाय ‘इलोकानोला काही नाही’ हे खोटं. ला युनियन प्रांताने २०१२ साली तिला अधिकृत केलंय.

मांडवीकाठ
क्रिस्तपुराण बरं आठवलं! ते लिहिणाऱ्या स्टीफन्सचंच धर्मशिक्षणाचं पुस्तक १६२२ला रायतूरला छापलं, कोकणीत. लोपेझच्या पुस्तकाचं जुळं भावंड ते आहे. पण मराठी माणूस कोकणीचं नाव घेईल तर शपथ. गलिशियनचं दुखणं कळायला स्पेनला जायला नको. ‘तुमची ती आमचीच बोली’ हे आम्ही साहित्य अकादमीने १९७५ला आणि घटनेने १९९२ला मान्यता देऊनही ऐकतोय. लग्नात, बसमध्ये, आणि आता इथे.

तिरकसराव
मी ‘बोली’ हा शब्द वापरलाय का? दाखवा. कोकणी स्वतंत्र भाषा आहे, स्टँपपेपरवर लिहून देतो. आता तुम्ही सांगा : गोव्याच्या १९८७च्या राजभाषा कायद्यात फक्त देवनागरी कोकणी का? तियात्राच्या (गोव्यातल्या कोकणी नाटकाच्या) जाहिरातीत, चर्चच्या पत्रिकेत जी रोमी, म्हणजे रोमन लिपीतली कोकणी, चालते तिला बाहेर कुणी ठेवलं? आम्ही पुणेकरांनी?

मांडवीकाठ
आलात मुद्द्यावर. कोकणीवाल्यांत फूट दाखवली की मराठीवाल्यांना गुदगुल्या होतात. माझी आजी रोमीत पत्रं लिहायची, मी देवनागरीत शिकले. भांडण आमच्या घरातलं आहे, ते आम्ही बघू.

बेळगावी_कुंदा
घरातलं कसं? त्याच कायद्यात मराठीचीही सोय आहे की.

मांडवीकाठ
सोय आहे ती उपकार म्हणून नाही आणि हक्क म्हणूनही नाही. तुम्ही आधी बेळगावचं बघा.

विगोकर
दोघांनीही जरा दम खा. लिपी नाही तरी लेखनपद्धतीवरून इथेही हेच. अकादमीचं लेखन स्पॅनिश वळणाचं, गलिशियन-पोर्तुगीज एकच मानणाऱ्या पुनर्मीलनवाल्यांचं पोर्तुगीज वळणाचं. एक गट दुसऱ्याला ‘स्पेनला विकलेला’ म्हणतो, दुसरा पहिल्याला ‘लिस्बनचा एजंट’. मला पूर्वी वेडेपणा वाटायचा. पण वरच्या आजी मिन्यो नदी ओलांडून पोर्तुगालात टॉवेल घ्यायला जातात, घासाघीस गलिशियनमध्ये करतात आणि कुणाचंच काही अडत नाही. बाराव्या शतकात सीमा पडली नसती तर दोन नावं तरी पडली असती का?

मांडवीकाठ
पडली ना पण? विषय संपला.

रात्रपाळी
इलोकानोबद्दल कुणी बोलणार आहे का? मी कुवेतमध्ये नर्स आहे. वॉर्डात इलोकोस नोर्तेतल्या लाओआगची एक मैत्रीण आहे. गाववालीशी इलोकानोत कुजबुजते, आणि डबा उघडून व्हिडिओ कॉल लावला की मनिलात वाढणाऱ्या स्वतःच्या पोराशी टॅगालॉग. शाळेत हसतात म्हणे त्याला. बाजारात भाव इलोकानोत ठरतो हो, पण हा पोरगा तो ठरवायला जाणार आहे का?

दुसरी मैत्रीण उत्तर फिलिपिन्समधल्याच कागायान खोऱ्यातली, घरची भाषा इबानाग. ‘बिचारी इलोकानो’ ऐकून ती हसली. तिच्या गावात इबानागच्या पानातलं इलोकानोनेच ओढलं. बाजार, बस, चर्च, सगळीकडे. गलिशियनने कुणाला गिळल्याचं मी तरी ऐकलं नाही. तुलनाच करायची तर ही करा.

बेळगावी_कुंदा
+१. तिरकसराव, याच्यावर बोला.

तिरकसराव
बोलतो. ताई, इबानागचा मुद्दा बिनतोड आहे, मूळ पोस्टखाली मी तो चिकटवून आलोय, अर्थात स्वतःच्या नावाने. दर्जावाल्यांसाठीही खाऊ देतो : फिलिपिन्समध्ये २०१२पासून पहिल्या इयत्तांचं शिक्षण मातृभाषेत सुरू झालं होतं, इलोकानो पहिल्या यादीत, इबानाग नंतर आली. २०२४च्या कायद्याने ती सक्ती काढून टाकली. म्हणजे सरकारने दिलं ते सरकारनेच परत नेलं. कुंदासाहेब, आता हा तुमच्या बाजूचा पुरावा की माझ्या, ते तुम्हीच ठरवा.

बेळगावी_कुंदा
माझ्या. दिलं होतं म्हणूनच नेता आलं ना.

मांडवीकाठ
१६२२चं उत्तर अजून आलेलं नाही. वाट बघतेय.